गल्लीची लांबी

आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री अडीचला,
आणि येण्याआधी नळ खोकतो.
त्या खोकल्यानं आई उठते, घागरी मांडते,
तेलुगूत कुणाला तरी चार शब्द ऐकवते.
कुणाला, ते विचारावं लागत नाही.

त्या उन्हाळ्यात चौकात महापालिकेचा फलक लागला:
‘नवीन जलवाहिनी, ३४० मीटर, काम पूर्ण.’
खाली हात जोडलेले पाच चेहरे.
आई तिकडे बघायची नाही.
तिला मराठी वाचता येत नाही हे खरं,
पण कारण ते नव्हे.
तीस वर्षं तिनं कारखान्यात विड्या दिल्या.
हजार मोजून न्यायच्या,
तपासनीस मूठ मूठ छाट काढणार,
वहीत नऊशे लिहिणार,
आणि छाटलेल्या विड्याही स्वतःकडेच ठेवणार.
तेव्हापासून लिहिलेल्या आकड्याला
ती अनोळखी पाहुण्यासारखं वागवते:
ओट्यावर पाणी देते, आत घेत नाही.

सोलापुरातल्या मिलचा भोंगा कायमचा गप्प झाला,
त्यानंतर मलकप्पा हत्तुरेंनी ‘भोंगा’ काढला.
चार पानं, रोज संध्याकाळी, दोन रुपये,
शाई बोटांना लागणारी.
मी मराठीतून तेलुगूत करत वाचायची,
आईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
पानावर कात्री कचकच चालायची.
थांबली, की समजायचं बातमी लागली.
“ह्याला पैसे कोण देतं?”
मला ठाऊक नव्हतं.
“मग ह्याचाही आकडा ओट्यावरच बसू दे.”

एका दुपारी हत्तुरे स्वतः आले.
अंगठा तुटलेली चप्पल, खिशात दोन पेनं,
आणि टेप विसरलेले.
म्हणाले, गल्ली मोजायचीय.
आई उठली, यल्लप्पा गुंटुकच्या मागावरून
ताण्याच्या सुताचा कोन घेऊन आली,
एक टोक विजेच्या खांबाला बांधलं
आणि चालत गेली, मिलच्या भिंतीपर्यंत,
जिथं आमची गल्ली संपते.
दारादारांत माणसं. कुणी हसलं नाही.
मग सावलीत बसून तिनं सूत मोजलं,
नाकापासून बोटापर्यंत एक वार,
एकशे बावीस वार, वर थोडं.
हत्तुरेंनी तळहातावर हिशेब केला:
गल्ली एकशे बारा मीटर.
पाइप तीनशे चाळीस.

दुसऱ्या दिवशी छापून आलं: गल्ली १२१ मीटर.
आकडे उलटले होते.
आई म्हणाली, “बघ.”
आणि कात्री पुन्हा सुरू.

तिसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, अगदी वर, चौकट:
‘काल आम्ही चुकलो. गल्ली ११२ मीटर आहे.
मोजणारीचं नाव द्यायचंही राहिलं: नरसम्मा बोद्दुल.’
कात्री थांबली.
“मळ्ळी,” ती म्हणाली. पुन्हा.
मी पुन्हा वाचलं.
“नऊ मीटर चुकला, तर सांगायला आला.
दोनशे अठ्ठावीस मीटरवाले
अजून आले नाहीत.”

त्यानंतर ‘भोंगा’च्या महापालिकेच्या जाहिराती बंद झाल्या.
चार पानांची दोन झाली.
फलकावरचे चेहरे एकदा बदलले, हात तसेच.
पाणी अजून पाचव्याच दिवशी,
नळाचा खोकला तोच.
फक्त आई आता दोन अंक घेते.
दुसरा कशाला, विचारलं,
तर म्हणाली, “त्याची दोन पानं कमी झालीत ना.”

सूत खिळ्याला गुंडाळून ठेवलंय.
परवा पलीकडच्या वस्तीतली एक बाई ते मागायला आली,
तिच्या दारासमोर म्हणे गटार झालंय, कागदावर.
आईनं सूत दिलं नाही.
सूप बाजूला सारलं,
पदराला पुसून चष्मा चढवला,
आणि निघाली तिच्याबरोबर.